रुमालाखालचा बेस

"यंदा बेसवर भाऊजींना घेऊ या का?" असं बायकोने विचारलं तेव्हा ती साखरांब्यासाठी कैऱ्या किसत होती आणि मी समोर बसून फोनवर एका गिऱ्हाइकाला झाडत होतो. मी फोन कापला. गिऱ्हाईक गेलं तर गेलं.

"का? माझे हात मोडलेत?"

"तसं नाही हो. भाऊजी असले की मला मागे बघावं लागत नाही."

एवढं बोलून तिने पुढची कैरी उचलली. भाऊजी म्हणजे तिच्या धाकट्या बहिणीचा नवरा, माझा साडू. आणि यंदा म्हणजे निफाडला होणारी सासऱ्यांची पंच्याहत्तरी. मळ्यात मांडव पडणार, सगळी भावकी जमणार आणि बायको आमचं गाणं म्हणणार. जुन्या सिनेमातलं क्लबातलं गाणं आहे, झुलत्या ठेक्याचं. लग्नाआधी ऑर्केस्ट्रात ती ते म्हणायची तेव्हा मागे बेस गिटार घेऊन मी उभा असायचो. लग्नानंतरही घरचं प्रत्येक कार्य, सोसायटीचा प्रत्येक गणपती, ती पुढे आणि मी मागे. ती जागा माझी होती. ती मला कोणी दिलेली नव्हती, मी मिळवलेली होती.

माझ्याकडे जे काही आहे ते सगळं तसंच आलेलं आहे. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत माझा जुन्या यंत्रांचा धंदा आहे. बंद पडलेल्या कारखान्यातले लेथ, ड्रिल, प्रेस उचलायचे, दुरुस्त करायचे, विकायचे. सुरुवात सायकलवर भंगार गोळा करण्यापासून झाली. समोरच्याने पहिला भाव सांगितला आणि मी मान डोलावली असं आयुष्यात घडलेलं नाही. बेस गिटारसुद्धा मी घासाघीस करूनच मिळवली. तेव्हा एका ऑर्केस्ट्राच्या मालकाला स्पीकरचे लोखंडी स्टँड करून दिले होते. त्याच्या खोलीच्या कोपऱ्यात एक बेस गिटार धूळ खात पडली होती, वाजवणारा सोडून गेला होता.

"ही मला द्या, आणि जागाही द्या," मी म्हणालो.

"वाजवता येते का?"

"येते."

येत नव्हती. पण बेस कोणाला ऐकू येतो? कीबोर्डवाल्याने सांगितलं, कॉर्ड कुठली चालू आहे ते बघ, तिचा पहिला सूर धर आणि ठोक्याला वाजवत राहा. कॉर्ड बदलली की तू बदल. मी तेवढंच शिकलो. त्यातही एक सोय सापडली. पांढरी सहा पट्टीत गाणं असेल तर त्याला लागणाऱ्या तिन्ही मुख्य कॉर्डचे पहिले सूर बेसच्या खुल्या तारांवरच मिळतात. डावा हात खिशात घालून उभं राहिलं तरी गाणं पार पडतं. मग मी सगळ्यांना पांढरी सहावर आणायला लागलो. गायकाची पट्टी काळी पाच असो नाही तर पांढरी पाच, बोलून बोलून मी त्याला माझ्या तारांवर आणायचो. निफाडहून गायला येणारी एक मुलगी तर एका शब्दात कबूल झाली.

ती मुलगी हे क्लबातलं गाणं म्हणायची आणि प्रत्येक अंतऱ्याच्या तोंडाशी मागे वळून माझ्याकडे बघायची. कीबोर्डवाल्याकडे नाही, ढोलकीवाल्याकडे नाही, माझ्याकडे. क्षणभरच. पुढे एवढं पब्लिक बसलेलं असताना ही आपल्याकडे बघते, याचा माणसाने काय अर्थ काढायचा? मी जो काढला तो घेऊन निफाडला गेलो आणि तिच्या वडिलांपुढे बसलो. ते म्हणाले, "भंगारवाल्याला पोरगी देऊ व्हय?" मी तीन वेळा गेलो. चौथ्यांदा त्यांनी चहा सांगितला.

धाकटीच्या वेळी त्यांना असा काही त्रास झाला नाही. साडू शिकलेला, पुण्यात नोकरीला, घरचा बरा. त्याला पहिल्याच भेटीत चहा मिळाला. दिवाळीला थोरला जावई मी, पण पहिला पाट त्याचा मांडला जातो. सासरे त्याला म्हणतात, "या, बसा," आणि मला म्हणतात, "जावईबापू, तेवढं मोटारीचं काय वाजतंय बघा बरं." मी बघतो. मोटार दुरुस्तही होते. पण मनात राहतं.

मग साडूची बदली झाली, त्याच्या कंपनीच्या अंबडमधल्याच कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर, आणि त्याने इंदिरानगरला फ्लॅट घेतला. दर रविवारी त्याच्या हॉलमध्ये गाणं-बजावणं सुरू झालं. कीबोर्डवाला एक शेजारी, ऑक्टोपॅडवाला त्याच्या ऑफिसातला. साडू स्वतः बेस वाजवतो हे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं. पाच तारांचा बेस. माझ्या चार तारा, त्याच्या पाच. मला कोणी बोलावलं नाही असं नाही, पण ज्या घरात एक बेस आहे तिथे दुसरा घेऊन जाणं म्हणजे लग्नात दुसरा नवरदेव. मी बायकोला सोडायचो आणि निघून यायचो.

एका रविवारी तिला आणायला लवकर पोचलो. दार लोटलेलं होतं, बाहेर चपलांचा ढीग. आतून आमचं गाणं ऐकू येत होतं. मी चप्पल काढायला वाकलो तो तसाच राहिलो.

बायकोचा आवाज होता, पण मी ओळखतो तसा नव्हता. सैल होता. आणि त्या आवाजाखालून काहीतरी चाललं होतं. जिन्यावरून कोणी एका लयीत उतरत यावं, घाई नाही, थांबणं नाही, आणि खालचं दार उघडायला आणि त्याचं पाऊल उंबऱ्यावर पडायला एकच गाठ पडावी, तसं. मी दार ढकललं. साडू बर्म्युडा घालून, अनवाणी, सोफ्याच्या हातावर बसला होता. बोटं तारांवरून चालत होती, प्रत्येक ठोक्याला एक सूर, प्रत्येक सूर नवा. आणि माझी बायको डोळे मिटून झुलत होती. अंतरा आला. तिने मागे पाहिलं नाही. डोळेही उघडले नाहीत.

माझ्या छातीत जे झालं त्याला मत्सर म्हणतात हे मला माहीत आहे. मला वेगळा शब्द शोधायची गरज नाही.

"कसं वाटलं दादा?" साडूने विचारलं. तो मला दादा म्हणतो, चेष्टेत असला की साडूभाऊ.

"बेस जास्त होतोय."

"वॉकिंग बेस आहे हा. चालता असतो."

"मग बसव त्याला जरा. किती चालवशील?"

सगळे हसले. तोही हसला, त्याला कशाचाच राग येत नाही, हा त्याचा सगळ्यात वाईट गुण. म्हणाला, "साडूभाऊ, तुमचा बेस कसा आहे सांगू? रेशनच्या रांगेतल्या माणसासारखा. उभा, उभा, उभा, आणि खिडकी उघडली की एकदम उडी!"

"अहो, काय बोलताय दाजींना," मेहुणी म्हणाली, पण हसतच. आणि माझ्या बायकोने तोंडाला ओढणी लावली. ओढणीच्या वर तिचे डोळे हसत होते. बाकीच्यांचं हसणं मी त्याच दिवशी विसरलो असतो.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी हे कैऱ्यांचं.

मी बायकोला म्हणालो, "त्या चालण्यात काय एवढं आहे? मी शिकतो."

"पंधरवडा राहिलाय."

"पंधरवड्यात मी अख्खा कारखाना उचलून दुसरीकडे बसवतो."

ती किसणी थांबवून माझ्याकडे बघत राहिली. एवढ्या वर्षांत माझ्याकडून काहीतरी शिकलीच आहे ती. म्हणाली, "रविवारी तालमीला या. जमलं तर तुम्ही. नाही तर भाऊजी. आणि मग घरी येऊन धुसफुस करायची नाही."

"धुसफुस करणारच."

"मग कमी करायची."

सौदा झाला.

गाडीत मी त्या गाण्याचं जुनं रेकॉर्डिंग लावायचो आणि फक्त खालचा आवाज ऐकायचो. सिग्नलला लोक हॉर्न मारायचे. गोदामात पोचलो की गुणगुणत आत जायचो आणि लेथच्या लोखंडी बैठकीवर बसून माझ्या खुल्या तारेपासून तेच सूर शोधायचो. शनिवारी अंबड शांत असतं, यंत्रं बंद असतात, तेव्हा एक एक सूर मोजून घेतला. पहिल्या कॉर्डचा पहिला सूर, म्हणजे गाण्याचा सा. मग रे. मग कोमल ग, मग शुद्ध ग. चार ठोक्यांना चार सूर, आणि पाचव्या ठोक्याला म, म्हणजे पुढच्या कॉर्डचं घर. परत येताना म, ग, रे, कोमल रे, आणि सा. एवढंच! मी मोठ्याने हसलो. एवढ्यासाठी पाच तारा लागतात होय? मी सगळं गाणं तसं घोकून टाकलं, हे बोट इथे, ते बोट तिथे, मध्ये खुली तार आली की श्वास घ्यायचा.

रविवारी इंदिरानगरला गेलो तो ताठ मानेने. साडूने स्वतः माझी वायर लावून दिली. ऑक्टोपॅडने ठेका धरला, मी निघालो, आणि दुसऱ्याच ठोक्याला कीबोर्डवाल्याने तोंड असं केलं की जणू दातात खडा आला. मला वाटलं त्याचं चुकलं. मी जोरात वाजवलं. बायकोने गायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

"थांबा थांबा," साडू म्हणाला. "दादा, काळी तीन आहे आपली."

"कोणाची काळी तीन? हे गाणं पांढरी सहात आहे."

मेहुणी उठून सरबत आणायला गेली. मी बायकोकडे पाहिलं.

"वरचा सूर लागत नाही आता मला," ती म्हणाली. "कधीचाच लागत नाही. काळी तीनमध्ये बरं पडतं."

"मला सांगायचं होतं."

"सांगितलं होतं. सोसायटीच्या गणपतीत, आवाज फाटला होता माझा, त्या दिवशी. तुम्ही म्हणालात, खुल्या तारा सोडून मी कुठे जाऊ."

म्हणालो असेन. गणपतीत मांडव मी घालतो, स्पीकर मी लावतो, शंभर माणसांची शंभर भांडणं माझ्या डोक्यावर. तेव्हा बोललेलं काय धरून ठेवायचं असतं? मला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. तिचा आवाज उतरला हे साडूला माहीत होतं. कीबोर्डवाल्या शेजाऱ्याला माहीत होतं. ऑक्टोपॅडवर बडवणाऱ्या त्या परक्या माणसालाही माहीत होतं. माझ्या बायकोची पट्टी सगळ्या इंदिरानगरला ठाऊक, आणि मी कुठून तरी आलेला पाहुणा. मी वायर उपटली आणि जिना उतरलो.

ती मागून आली, गाडीत बसली. मी गाडी काढली. मग मीच बोललो, कारण मला गप्प बसता येत नाही.

"त्याच्याकडे बघायचं नसतं म्हणून तो आवडतो का तुला? माझ्याकडे तर बघायचीस. प्रत्येक अंतऱ्याला वळून बघायचीस."

"मग काय करणार? तुम्ही एकाच सुरावर उभे. पुढच्या कॉर्डवर उडी कधी मारणार याचा पत्ता नाही. कधी आधी मारायचात, कधी राहून जायचात. मला सूर कुठून उचलायचा ते कळायचं नाही. म्हणून बघायची, की आता मारतायत का."

मी गाडी बाजूला घेतली.

"काय झालं?" तिने विचारलं.

"काही नाही. टायर बघतो."

टायरला काही झालेलं नव्हतं. मी खाली उतरून त्याला लाथ मारली आणि परत बसलो. त्या बघण्यावर मी तिच्या वडिलांच्या दारात पुन्हा पुन्हा गेलो होतो. त्या बघण्यावर संसार केला होता. तिला हे कधी सांगितलेलं नव्हतं, आणि आता तर सांगण्यात काही अर्थच उरला नव्हता.

"म्हणजे तुला भीती वाटायची," मी म्हणालो.

"भीती असं नाही. धाकधूक." मग म्हणाली, "भाऊजी वाजवतात तेव्हा आधीच कळतं कुठे जायचंय ते. खालूनच कळतं."

भाऊजी, भाऊजी. पण "खालूनच कळतं" हे माझ्या डोक्यात राहिलं.

त्याच आठवड्यात मालेगावकडचा एक माणूस लेथ बघायला आला. यंत्र त्याला आवडलं होतं, हे मला त्याच्या हात फिरवण्यावरून कळलं. बोलणी छान चालली होती. तो जरा चढत होता, मी जरा उतरत होतो, आणि मध्येच काय झालं कोणास ठाऊक, कंटाळून मी एकदम शेवटचा भाव सांगून टाकला. तसा तो बिचकला. यंत्रात खोट असणार असं त्याला वाटलं. "इचार करून सांगतो," म्हणाला आणि गेला. मी स्वतःवर इतका चिडलो की पान्हा फेकून मारला, आणि तो भिंतीला लागून खाली पडेपर्यंत मला मामा आठवला.

आईचा भाऊ. बैलबाजारात दलाली करायचा. शाळेला सुट्टी लागली की मला बरोबर न्यायचा. तिथे भाव तोंडाने बोलायचा नसतो. घेणारा आणि देणारा हातात हात देतात, वर रुमाल टाकतात आणि रुमालाखाली बोटं दाबून भाव करतात. भोवती दहा माणसं उभी असतात, कोणाला काही कळत नाही. आणि ते दोघेही एकमेकांच्या तोंडाकडे बघत नाहीत. एक आभाळाकडे बघतो, एक बैलाच्या शिंगाकडे. मी मामाला विचारलं होतं, न बघता कसं कळतं? मामा म्हणाला, "हाताला कळतं. उडी नाय मारायची कधी. उडी मारली की समोरचा हात काढून घेतो. बोटाबोटानं जायचं, एका चालीनं. आन् शेवटचं बोट आसं दाबायचं की जिथं बसायचंय त्याच्या अगदी शेजारचं. मंग त्यालाच कळतं, आता इथं बसायचं. तोच बसतो."

मी लेथवर बसलो आणि बेस मांडीवर घेतला.

शेजारचं बोट. शुद्ध ग हा म च्या अगदी शेजारचा सूर आहे, मध्ये दुसरा सूर मावत नाही. तो वाजला की ऐकणाऱ्याच्या आधी गाणारीला कळतं की आता म. कोमल रे वाजला की आता सा. मधली दोन पावलं कशीही टाका, वरून या, खालून या, एखादं चुकलं तरी हरकत नाही, पण लय सोडायची नाही आणि शेवटचं पाऊल शेजारच्या घरातूनच पडलं पाहिजे. मी घोकलेलं सगळं गाणं म्हणजे या एकाच गोष्टीचा पुन्हा पुन्हा केलेला हिशेब होता, आणि मी नुसते आकडे पाठ करून बसलो होतो. हा हिशेब पांढरी सहात होतो तसा काळी तीनमध्येही होतो. सा हलला की सगळी पावलं त्याच्याबरोबर हलतात, त्यांच्यातलं अंतर तेच राहतं.

आणि पब्लिकला बेस ऐकू येत नाही हे मी आयुष्यभर कमीपणा म्हणून सांगत आलो होतो. रुमालाखालचं पब्लिकला कशाला कळायला पाहिजे? ज्याचा हात हातात आहे त्याला कळलं की झालं.

काळी तीनमध्ये तिन्ही मुख्य कॉर्डच्या पहिल्या सुरांना एकही खुली तार कामाला येत नाही. जवळजवळ प्रत्येक सुराला बोट दाबावं लागतं. पहिल्या दोन दिवसांत बोटांना फोड आले, तिसऱ्या दिवशी फुटले. हे साडू पूर्वीच करून बसला असणार, गार हॉलमध्ये, सरबत पीत, माझी बायको समोर गात असताना. हा विचार आला की मी अजून जोरात दाबायचो. खरं सांगायचं तर मला शिकवलं ते मामाने कमी आणि त्या विचाराने जास्त.

पुढच्या तालमीला गेलो. वायर स्वतः लावली. बायको गायली. पहिल्या अंतऱ्याला ती सवयीने वळणार होती, खांदा अर्धा हललाही, पण माझ्याकडून शेवटचं पाऊल पडलं आणि खांदा परत जागेवर गेला. गाणं संपल्यावर ती पाणी प्यायली.

"ठीक आहे," म्हणाली.

"ठीक म्हणजे?"

"ठीक म्हणजे तुम्ही."

साडू म्हणाला, "वा दादा! मग माझं काम झालं, मी पुढे बसून ऐकतो. माझा बेस नेता का? पाच तारा आहेत, खाली भरीव वाजेल."

"मला चार पुरतात."

तो भांडला असता तर मला बरं वाटलं असतं. निदान थोडी घासाघीस तरी. इतक्या सहज सोडलेली वस्तू हातात घेताना माणसाला शंका येते.

पंच्याहत्तरीच्या दिवशी निफाडला ऊन मी म्हणत होतं. द्राक्षाची छाटणी होऊन गेलेली, वेली नुसत्या तारांवर उभ्या, आणि मधल्या मोकळ्या जागेत मांडव. आमरस-पुरीच्या पंगती उठल्या, सासऱ्यांना ओवाळून झालं, नातेवाइकांची भाषणं झाली, त्यात दोघांनी साडूचं नाव घेतलं आणि एकाने माझं, तेही जनरेटर मी आणला म्हणून. मग बायको माईकपाशी गेली. अंजिरी रंगाची साडी, केसात मोगरा. मी तिच्या मागे, डाव्या अंगाला, नेहमीच्या जागी.

गाणं सुरू झालं आणि मी चालायला लागलो.

पहिला अंतरा जवळ आला. मी शेवटचं पाऊल दाबलं. ती वळली नाही. सूर जिथून उचलायचा तिथून तिने उचलला, दार उघडंच असल्यासारखा. दुसरा अंतरा आला. मला एकदम वाटलं, थांबावं. चारच ठोके. एका सुरावर पूर्वीसारखं उभं राहावं, की ती वळेल. माझ्या हातात होतं ते. तिला काय वाटायचं ते आता मला माहीत होतं, तरीही हात थांबायला निघाला होता. मोगऱ्याचा गजरा समोर होता, मान समोर होती, आणि एवढ्या सगळ्या माणसांसमोर तिने एकदा माझ्याकडे बघावं एवढंच मला पाहिजे होतं.

मी थांबलो नाही. रे, कोमल रे, सा. ती वळली नाही.

आणि तेव्हा माझी नजर पुढे गेली. पहिल्या रांगेत मधोमध साडू बसला होता, फोन उंच धरून, तिच्या चेहऱ्याकडे बघत, तोंडभर हसत. गाताना ती कशी दिसत होती ते त्याला दिसत होतं. मला दिसत होती ती फक्त पाठ. तेव्हा मला कळलं की जागा सोडायला तो इतक्या पटकन का तयार झाला. किंवा त्याच्या डोक्यात असं काही नसेलही. त्याच्या डोक्यात सहसा काही नसतं, ते सगळं माझ्या डोक्यात असतं.

टाळ्या पडल्या. बायको मांडवातल्या बायकांच्या घोळक्यात गेली. सासरे काठी टेकत माझ्यापर्यंत आले.

"जावईबापू, लय भारी म्हणली आज. पयल्यासारखी." मग माझ्या गळ्यातल्या बेसकडे बघत म्हणाले, "तुमचं हे वाजत होतं का? मला काय ऐकू नाय आलं."

"वाजत होतं."

"मंग बरोबर," असं म्हणून ते साडूकडे गेले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून फोनमध्ये बघायला लागले.

परत येताना गाडीत बायकोच्या फोनवर व्हिडिओ आला. साडूने पाठवलेला. तिने तो लावला आणि फोन माझ्यासमोर धरला. मी गाडी चालवत होतो, म्हणालो, समोर बघू दे. पण दहावा मैल नावाच्या फाट्याच्या अलीकडे चहाला थांबलो तेव्हा मीच मागितला.

व्हिडिओत मी मागे आहे, छोटा, अर्धा खांबाआड. ती पुढे आहे. दुसऱ्या अंतऱ्याच्या आधी, जिथे मी थांबणार होतो, तिथे तिचे डोळे मिटलेले आहेत आणि हनुवटी किंचित वर गेलेली आहे. पुढचा सूर यायच्या आधीच ओठांवर हसू आलेलं आहे. लग्नाआधीपासून मी तिच्या मागे उभा आहे, त्यामुळे हा चेहरा मी पाहिलेला नव्हता. तो असतो की नसतो हेही मला माहीत नव्हतं. तेवढा तुकडा मी पुन्हा लावला. चहा गार झाला.

"चांगला काढलाय ना भाऊजींनी?" ती म्हणाली.

"हं."

"मग सांगा की त्यांना तसं. किती दिवस फुगून राहणार?"

मी फोन घेतला आणि साडूला लावला. तो म्हणाला, "बोला साडूभाऊ." मी म्हणालो, व्हिडिओ बरा आलाय. मध्ये दोन ठिकाणी हात हललाय तुझा, पुढच्या वेळी नीट धरत जा.